गुलाबी फुली

"ओ मिस्टर! फुली दिसत नाही का?"

नेरिडा पॅस्कोने गाडीची काच खाली करून हे विचारलं, तेव्हा तो माणूस भर पावसात रस्त्याकडेला गुडघे टेकून बसला होता. समोर एक वॉलबी, छोट्या चणीची कांगारूच म्हणा, मरून पडलेली. तिच्या कुशीवर गुलाबी रंगाची ताजी फुली.

"दिसते ना," तो मागे न वळता म्हणाला. "चांगली ठसठशीत आहे."

"मग? फुली आहे म्हणजे तपासून झालंय. पिशवीत पिल्लू नाही, हे कुणीतरी बघून गेलंय. उगाच कशाला भिजताय?"

"कुणी बघून गेलंय?"

"मी!"

तेव्हा कुठे तो वळला. टोपीच्या काठावरून पाणी गळत होतं. चौकड्यांच्या जाड शर्टाची वरची बटणं उघडी होती, आणि तिथून दोन कान बाहेर आले होते. कानांच्या खाली काळेभोर, घाबरलेले दोन डोळे.

"मग हे कोण?" त्याने विचारलं.

नेरिडा गप्प झाली. टॅलबिन गावात ज्यांचं ज्यांचं औषध तिच्या दुकानातून जातं, त्यातल्या कुणीही तिला अशी गप्प झालेली पाहिली नव्हती. औषध देताना ती तीनदा सांगायची, जेवणानंतर म्हणजे जेवणानंतरच. चूक तिला दुसऱ्याचीही खपत नसे, आणि ही तर तिची स्वतःची होती. दुकान उघडण्याआधी ती या घाटातून एक फेरी मारायची. रस्त्यावर मेलेली कांगारू किंवा वॉलबीची मादी दिसली की थांबायचं, पिशवीत हात घालून बघायचं, पिल्लू असलं तर घरी न्यायचं, नसलं तर स्प्रेच्या डब्याने फुली मारून पुढे व्हायचं. म्हणजे मागून येणारा थांबत नाही. सगळं खोरं त्या फुलीवर विश्वास ठेवून चालतं.

"ती... केवढीशी आहे बघा ना," नेरिडा गाडीतून उतरत म्हणाली. "मला वाटलं नेहमीच्या लालमानी वॉलबीचं वर्षाचं पिल्लू असेल. पिल्लाला कुठलं आलंय पिल्लू, म्हणून जरा वरवर..."

"हात कुठवर घातला होतात?"

तिने दोन बोटं दाखवली.

तो हसला नाही. हसला असता तर तिला बरं वाटलं असतं. "मी नालबंद आहे," तो म्हणाला. "घोडं लंगडायला लागलं की मालक सांगतो, खूर बघून झालाय, काही नाही त्यात. मी तरी पुन्हा बघतोच. माणसांवर राग नाही माझा. सवय आहे."

त्याचं नाव फर्गस डनलॉप. पलीकडच्या खोऱ्यातून नुकताच इकडे आलेला. नेरिडाने उबदार कपड्याची पिशवी आणली, हात पुढे केले. पण पिल्लू शर्ट सोडेना. नख्या रुतवून ते आत आत शिरायला लागलं आणि बाहेर ओढलं की फिसकारायचं. चार वेळा ओढून झालं. शेवटी फर्गसने कंटाळून शर्टच काढला, पिल्लासकट त्याची गुंडाळी केली आणि तिच्या हातात दिली.

"अहो, ऑगस्ट आहे, ऐन हिवाळा!"

"त्याला जास्त वाजतेय."

नेरिडाने रस्त्याच्या कठड्याकडे पाहिलं. मग पलीकडच्या झाडांकडे. मग एकदा, फक्त एकदा, त्याच्याकडे. आणि गाडीत बसून निघून आली.

*

पिल्लाचं नाव पिकलेट ठेवलं. मादी होती. तव्यावरच्या छोट्या गोड घावनासारखाच तिचा रंग होता, म्हणून पिकलेट. नेरिडाकडे त्या मोसमात लालमानीची आणखी दोन पिल्लं होती. त्यांनी दुसऱ्या दिवशी बाटली धरली. पिकलेट मात्र त्या शर्टाबाहेर दूध प्यायला तयार नव्हती. शर्टात गुंडाळली की गटागटा प्यायची. नेरिडाने शर्ट स्वच्छ धुतला तर बाटलीकडे बघेना.

झक मारत तिने नालबंदाला फोन केला.

"शर्ट हवाय," ती म्हणाली. "म्हणजे... वापरलेला. धुतलेला चालत नाही."

पलीकडचा हातोड्याचा आवाज थांबला. "मळलेला किती लागेल? एक दिवसाचा, का दोन?"

"तिला विचारून सांगते."

तो आला. मग दर रविवारी यायला लागला. काखेत शर्ट, हातात बेकरीतून आणलेले चॉकलेट-खोबऱ्यात घोळलेले लॅमिंग्टन केक. जुना शर्ट परत न्यायला कधीमधी विसरायचा, किंवा विसरल्यासारखं करायचा. पिकलेटला मांडीवर घेऊन बाटली द्यायला तो शिकला. "अहो-जाहो" तिसऱ्या रविवारी गळून पडलं, कोणी आधी पाडलं ते दोघांनाही आठवत नाही.

"तुझ्या शर्टाला कसला वास येतो?" एकदा तिने विचारलं.

"जळक्या खुराचा. तापलेला नाल टेकवला की धूर होतो ना, तो. वाईट आहे?"

"मला काय करायचंय? पिकलेटला आवडतो."

हे खरं होतं. पण पूर्ण खरं नव्हतं. मधल्या वारी पिकलेटची पिशवी खुर्चीला अडकवताना नेरिडा शर्टाची घडी करायची, आणि ती घडी करायला हल्ली फार वेळ लागायला लागला होता. एकदा तर घडी नाकाशी धरलेली असताना ती स्वतःलाच सापडली. "शी!" असं मोठ्याने म्हणाली आणि शर्ट खुर्चीवर टाकला. मग उचलून नीट ठेवला.

*

मार्च उजाडला. पिल्लांना रानात सोडायची वेळ आली आणि घोटाळा तिथे सुरू झाला.

लालमानीची दोन्ही पिल्लं चांगली दांडगी झाली होती. पिकलेट त्यांच्या खांद्यापर्यंतही पोचत नव्हती. तिच्या मानेवरून खांद्यांच्या मधोमध एक काळसर पट्टा उतरला होता. गळा पांढराशुभ्र. शेपटीचं टोक पांढरं. आणि अंगणात उड्या मारताना बाकीची दोघं छाती वर काढून जायची, तर ही जमिनीलगत, अंग आडवं ठेवून, शेपटी किंचित वर वळवून सुटायची. नेरिडाने पुस्तकं काढली, चार रात्री डोकं घातलं, आणि तिला वाटायला लागलं की ही लालमानी नाहीच. ही पार्मा वॉलबी असणार, त्या कुळातली सगळ्यात छोटी. पार्माची आई पूर्ण वाढूनही लालमानीच्या पिल्लाएवढीच दिसते. तिने फुली मारलेली ती 'लहान' वॉलबी लहान नव्हतीच.

प्राणी सांभाळणाऱ्यांच्या गटाची प्रमुख बेव्ह हॉलोरन. सत्तरीची, आवाज डोंगरापलीकडे जाईल असा. ती पिकलेटला उलटसुलट करून म्हणाली, "पार्मा? या डोंगरात? पोरी, माझ्या आज्याने बघितली असेल तर असेल. तुझी पोर जरा खुजी आहे, एवढंच. रविवारी सगळ्यांना खालच्या सपाटीवर सोडू."

"बेव्ह, सपाटी म्हणजे उघडं गवत. पार्माला दाट झाडी लागते, लपायला. तिथे सोडली तर आठवड्याच्या आत कोल्हा नेईल."

"आणि झाडीत सोडली आणि निघाली लालमानी, तर आपल्या कळपापासून तुटून मरेल. तेव्हा?" बेव्हने पिकलेटला तिच्या हाती दिलं. "मागच्या वेळी तू अंदाजाने फुली मारलीस. या वेळी अंदाज नको. हिची आई जिथे मेली त्या वळणाजवळच्या घळीत एक जिवंत पार्मा असेल, तर मला फोटो आणून दाखव. नाहीतर सपाटी."

हे बोलणं नेरिडाला लागलं, कारण त्यात खोट काढायला जागा नव्हती. एकदा चुकली होती, पुन्हा चुकली तर पिकलेट जिवाला मुकणार होती. ती फोनवर फर्गसला एवढंच म्हणाली, "संध्याकाळी मोकळा आहेस? घळीत बसायचंय. गप्प."

"तू गप्प बसणार?"

"प्रयत्न करेन."

*

पहिल्या संध्याकाळी दोघांनी एका पडलेल्या बुंध्यामागे बैठक मारली. नुकताच पाऊस होऊन गेला होता, नेच्यांवरून पाणी ठिबकत होतं. वॉलबी एकही आली नाही. जळवा मात्र झाडून सगळ्या आल्या.

"हलू नकोस," नेरिडा कुजबुजली आणि खिशातून मिठाची पुडी काढली. त्याच्या मानेवर, अगदी कानाखाली, एक जळू फुगत होती. तिने मीठ दाबलं. बोट तिथेच राहिलं... गरजेपेक्षा थोडं जास्त.

"पडली?"

"हो."

"मग बोट?"

"नीट पडली का बघतेय," ती म्हणाली. "हल्ली मी पुन्हा बघते."

दुसऱ्या संध्याकाळी घळीच्या तळातून चाबूक ओढल्यासारखा आवाज आला, एक लांब शीळ आणि शेवटी कडाडून फटका. त्याच्या पाठीला पाठ लावून "च्यू-च्यू."

"गळा काय आहे त्या पक्ष्याचा," फर्गस म्हणाला. "एवढासा जीव आणि दोन-दोन आवाज."

"एक नाही, दोन पक्षी आहेत ते. चाबूक नराचा. च्यू-च्यू मादीचं. ती इतक्या लगेच उत्तर देते की लोकांना एकच वाटतो."

"आणि तिने उत्तर नाही दिलं तर?"

नेरिडाने थर्मासमधला चहा ओतला. "तो पुन्हा विचारतो," ती म्हणाली.

म्हणून तिसऱ्या संध्याकाळी त्याने विचारलं असावं. दुर्बीण डोळ्यांना तशीच ठेवून, समोरच्या झाडीकडे बघत तो म्हणाला, "शनिवारी गावच्या हॉलमध्ये नाच आहे. मला नाच येत नाही. घोड्यांनी पाय देऊन देऊन माझी बोटं सपाट झालीत. पण तू येणार असशील तर... मी भिंतीशी उभा राहीन."

नेरिडाला लगेच हो म्हणावंसं वाटलं, आणि त्याचीच तिला भीती वाटली. दोन वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये तिचं लग्न व्हायचं होतं. केक सांगून झाला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि नवरदेव पर्थला निघून गेला तो तिथून एका ओळीचा निरोप पाठवून मोकळा झाला. त्यानंतर महिनाभर औषध घ्यायला येणारं प्रत्येक माणूस गोळ्यांबरोबर सहानुभूतीही देऊन जायचं. तेवढं तिला जन्माला पुरलं होतं.

"फर्गस," ती म्हणाली, "माझ्यावर फुली आहे. त्या बाबतीत. आत काही नाहीये. तू उगाच थांबू नकोस, पुढे हो."

फर्गसने दुर्बीण खाली ठेवली. या रस्त्यांवरची रीत त्यालाही ठाऊक होती. "बरं," तो म्हणाला. त्याने तिच्या पेल्यात चहा ओतला आणि बुंध्यामागे हातभर लांब सरकून बसला. रागाने नाही. तेच तिला जास्त लागलं.

चौथ्या दिवशी तो येणार नाही, असं ती धरून चालली होती. तो आला. बुंध्यामागे तेच हातभर अंतर ठेवून बसला.

दिवस कलला. ढगाखालून थोडं ऊन आलं आणि घळीच्या तोंडाशी नेचे हलले. आधी नाक. मग गालावरची पांढरी रेघ. मग ती पूर्ण बाहेर आली, पुढचे हात छातीशी धरून, कान इकडे तिकडे फिरवत. नेरिडाने दुर्बीण उचलली. आता घाई करायची नाही. पांढरा गळा? होय. पण ते लालमानीच्या पिल्लालाही असू शकतं. पट्टा? खांद्यांच्या मध्ये येऊन विरलेला. शेपटीचं टोक पांढरं. आणि पोटाखाली पिशवी लोंबलेली, जड. म्हणजे हे पिल्लू नव्हे. ही आई आहे, एवढीशी आई.

"तिला चालू दे," नेरिडा ओठांतल्या ओठांत म्हणाली. "अजून नक्की नाही. एकदा चालू दे."

घळीत चाबूक कडाडला. वॉलबी दचकली आणि निघाली, जमिनीलगत, अंग आडवं, शेपटी किंचित वर वळवून. हुबेहूब अंगणातली पिकलेट. मागून आणखी दोघी तशाच गेल्या.

नेरिडाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिने न बघताच बाजूला हात टाकला, मधलं अंतर विसरून, आणि फर्गसची बाही मुठीत धरली. "पार्मा," ती म्हणाली. "फर्गस, पार्मा. मी चुकले नाही."

"नाही चुकलीस," तो म्हणाला. त्याच्या दुसऱ्या हातात फोन होता.

*

फोटो त्याने त्याच रात्री बेव्हला पाठवले. सकाळी बेव्ह औषधाच्या दुकानात आली, गुडघ्यांचं मलम घ्यायला म्हणून, आणि गल्ल्यापाशी फोन आपटला.

"पार्मा. मान्य. तुझा पट्टा, तुझी शेपटी, सगळं मान्य. माझ्या आज्याची क्षमा मागते." तिने बोटाने फोटो पुढे सरकवला. "पण त्या नालबंदाने एक जास्तीचा पाठवलाय. ही कोणती जात?"

फोटोत नेरिडा होती. केसांत नेच्याचं पान, तोंड अर्धवट उघडं, गालांवर ओघळ, नजर दूर कुठेतरी. तिच्या डाव्या हाताच्या मुठीत चौकड्यांची बाही. असा फोटो चुकून निघत नाही. चुकून पाठवला मात्र जातो.

"ती जात मला ओळखता येते," बेव्ह म्हणाली. "तिला तिची येते का, तेवढं बघ. आणि मलम दोन दे."

पिकलेटला घळीतच सोडायचं ठरलं. आधी काही दिवस झाडीत कुंपण घालून तिला तिथे ठेवली. मग एका संध्याकाळी दार उघडलं. दाराशी फर्गसचा शर्ट अडकवला होता, भ्यायली तर परत यावं म्हणून. पिकलेट दारापर्यंत आली. शर्ट हुंगला. मग बाहेर कान लावून उभी राहिली आणि नेच्यांत शिरली, जमिनीलगत, तिच्या लोकांसारखी. पुन्हा मागे आली नाही. बेव्ह भोंगा लावून रडली. फर्गस लांब उभा होता. त्याने टोपीला हात लावला, "छान काम केलंस" म्हणाला, आणि गाडीत बसून गेला.

पुढच्या रविवारी कोणी आलं नाही. का येईल? शर्टाची गरज संपली होती, आणि पुढे हो असं त्याला सांगितलं होतं. तो सांगितलेलं ऐकणारा माणूस होता. नेरिडाने खुर्ची आवरली, बाटल्या उकळून ठेवल्या. दुपारी बेकरीतून स्वतःच लॅमिंग्टन आणला आणि अर्धा खाऊन ठेवून दिला. घर इतकं शांत होतं की तिला स्वतःचा राग आला. आत काही नाही, असं ती त्याला म्हणाली होती. कशाच्या जोरावर म्हणाली होती? दोन वर्षांत तिने तिथे हात घालून बघितलं होतं तरी कधी?

सोमवारी दुकानावर "तासाभरात येते" अशी पाटी लावून ती मॅकअल्पाइनांच्या तबेल्यावर गेली. फर्गस एका तांबड्या घोडीचा मागचा पाय मांडीवर घेऊन वाकला होता. तापलेला नाल टेकला, चर्र झालं, धूर उठला. तोच वास. नेरिडाचे पाय तिथेच थांबले.

"तुझे शर्ट," ती म्हणाली. "धुऊन, इस्त्री करून आणलेत."

त्याने मान वर केली. गठ्ठ्याकडे बघितलं. "चारच आहेत. पाच होते."

"पाचवा... ठेवलाय मी."

"कशाला? पिकलेट तर गेली."

"हो."

"मग?"

"तो पिकलेटसाठी नाहीच," नेरिडा म्हणाली. तिचे कान तापले, पण तिने नजर हलवली नाही. "आणि तो धुतलेला नाही. धुतलेला चालत नाही."

फर्गसने घोडीचा पाय सावकाश खाली ठेवला. हातांचा कोळसा विजारीला पुसला. मग जवळ आला, आणि नेहमीचं हातभर अंतर राहिलं तिथे थांबला.

"पण तुझ्यावर तर फुली आहे ना?"

"आहे."

"कुणी मारली?"

तिला कळलं तो कुठे निघालाय. घाटातला तो पाऊस, ती काच, तो दोन कानांचा शर्ट, सगळं तिला आठवलं, आणि हसू तिच्या ओठांवर यायला लागलं, आवरेना.

"मी," ती म्हणाली.

"तू?" फर्गसने टोपी काढून खुंटीला अडकवली. "मग मला पुन्हा बघावं लागेल."

हातभर अंतर तिनेच संपवलं. मागे तांबडी घोडी तीन नाल घालून उभी होती, आणि चौथ्याला त्या दिवशी बराच उशीर झाला.